प्लूटो प्लॅटर

प्लूटो प्लॅटर हे फिरकी देऊन हवेत फेकण्याचे चकतीच्या आकाराचे प्लास्टिकचे अमेरिकी खेळणे होते. आजची फ्रिस्बी याच खेळण्यापासून विकसित झाली.

इतिहास

वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन हे १९३८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील समुद्रकिनाऱ्यावर केक भाजण्याची पत्र्याची भांडी फेकण्याचे खेळणे म्हणून विकत. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते. १९४७ मध्ये अमेरिकेत 'उडत्या तबकड्यां'विषयी कुतूहल पसरले. त्यानंतर १९४८ मध्ये त्यांनी वॉरन फ्रान्सिओनी यांच्यासह प्लास्टिकची चकती तयार केली. १९५५ मध्ये त्यांनी तिची सुधारित आवृत्ती, म्हणजेच प्लूटो प्लॅटर, बनवली. २३ जानेवारी १९५७ रोजी तिचे हक्क व्हॅम-ओ कंपनीने घेतले. त्याच वर्षी 'फ्रिस्बी' हे नाव पुढे आले. ब्रिजपोर्ट येथील फ्रिस्बी पाय कंपनीच्या रिकाम्या थाळ्या विद्यार्थी फेकून खेळत, त्यावरून ते घेतले गेले. मॉरिसन यांना हे नाव सुरुवातीस पसंत नव्हते.

रचना

चकतीच्या मध्यभागी अंतराळयानाच्या कक्षासारखा खिडक्या असलेला उंचवटा होता. कडेवर प्लूटोसह ग्रहांची नावे कोरलेली होती. २००६ मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत करण्यात आली.

कार्यपद्धती

चकतीच्या फुगीर आकारामुळे तिला हवेत उचलून धरणारे बल मिळते. मात्र फिरकी नसल्यास ती लगेच कलंडते. वेगाने फिरणारी वस्तू भोवऱ्याप्रमाणे आपल्या अक्षाची दिशा टिकवून ठेवते. त्यामुळे चकती स्थिर राहते. १९६४ मध्ये एड हेड्रिक यांनी पृष्ठभागावर वर्तुळाकार कंगोरे देऊन उड्डाण अधिक स्थिर केले. या सुधारणेला १९६७ मध्ये पेटंट मिळाले.