प्राणिदंश : नुकसानभरपाई व विधिसाहाय्य

पाळीव, भटक्या अथवा वन्य प्राण्याच्या चाव्याने किंवा हल्ल्याने जखमी झालेल्या व्यक्तीला, आणि ती दगावल्यास तिच्या वारसांना, कायद्याने मिळू शकणारी आर्थिक भरपाई व ती मिळवण्याची कार्यपद्धती. या विषयाला वाहिलेला एकच एक कायदा भारतात नाही. प्राणी कोणाच्या ताब्यातला होता, त्यावर दाद मालकाकडे, नगरपालिकेकडे की वन विभागाकडे मागायची ते ठरते. २०२४ साली देशात श्वानदंशाच्या सुमारे ३७ लाख घटना नोंदल्या गेल्या. संख्येने कुत्र्याचे चावे सर्वाधिक असले, तरी महाराष्ट्रात भरपाईची सर्वांत नेमकी तरतूद वन्य प्राण्यांच्या हल्ल्यासाठी आहे. भटक्या कुत्र्याने जखमी झालेल्याला मात्र आपली वाट स्वतःच शोधावी लागते.

उपचार व पुरावा : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुणे आणि विलंब न लावता रेबीजप्रतिबंधक लस घेणे, याला कोणत्याही कायदेशीर कारवाईआधी अग्रक्रम आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. जखम खोल असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

दाव्याचे भवितव्य बहुधा पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर ठरते. त्यावर नुसते ‘डॉग बाइट’ एवढेच लिहिलेले असेल, तर जखम किती खोल होती, दाताच्या खुणा किती होत्या, मांस निघाले होते का, हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते. चाव्याचे ठिकाण व वेळ, कुत्रा पाळीव की भटका, जखमेची श्रेणी आणि सेंटिमीटरमधील माप या गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. लसीकरणाचे कार्ड, औषधांच्या पावत्या, धुण्यापूर्वीचे व नंतरचे जखमेचे छायाचित्र, बुडालेल्या मजुरीचा दाखला आणि साक्षीदारांची नावे जपून ठेवावीत. सोसायटीतील किंवा दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते. म्हणून ते राखून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करणे इष्ट.

मालकाचे दायित्व : पाळलेल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम २८९ लागू होते. फौजदारी खटल्यात शिक्षेबरोबर जखमीला भरपाई देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. पण त्यासाठी लागणारा काळ मोठा असतो. मुंबईत २०१० साली घडलेल्या एका दंशाच्या प्रकरणात कुत्र्याच्या मालकाला तीन महिन्यांची कैद झाली ती २०२३ मध्ये.

उपचारखर्च, बुडालेले उत्पन्न व वेदना यांची भरपाई दिवाणी दाव्यात मागता येते. कुत्रा चावरा आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक होते, किंवा पट्टा न बांधता त्याला मोकळे सोडले होते, हे दाखवता आले की दावा बळकट होतो. मालकी नाकारली जाण्याचा संभव असल्याने महापालिकेचा परवाना आणि पशुवैद्याकडील लसीकरण पुस्तिका हे महत्त्वाचे पुरावे ठरतात. जखमीने कुत्र्याला डिवचले होते, हा मालकाचा नेहमीचा बचाव असतो.

भटके कुत्रे व स्थानिक संस्था : प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. त्यात हयगय झाली व तिच्यामुळे इजा झाली, असे दाखवून संस्थेकडे भरपाई मागता येते. मात्र येथे मुदतीचा सापळा आहे आणि त्यात अनेक रास्त दावे अडकू शकतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे महापालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते व दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. बृहन्मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ५२७ मध्ये अशीच अट आहे. राज्य शासनाला प्रतिवादी करायचे असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सहा महिन्यांची मर्यादा केवळ हयगयीवर आधारलेल्या दाव्याला लागू होते की नाही, यावर युक्तिवाद होऊ शकतो. तरीही ती लागू आहे असे धरूनच चालणे सुरक्षित. लसीचे सर्व डोस संपेपर्यंत सुमारे महिना जातो, हेही हिशेबात घ्यावे. जीविताच्या हक्काचा भंग झाला या मुद्द्यावर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते.

पंजाब–हरियाणा सूत्र : मोकाट जनावरांमुळे झालेल्या अपघातांसंबंधीच्या १९३ याचिका पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एकत्र निकाली काढल्या. या निकालाने श्वानदंशाच्या भरपाईला प्रथमच मोजपट्टी लावली : दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस निघाले असल्यास जखमेच्या दर ०.२ सेंमी.मागे किमान २०,००० रुपये. या हिशेबाने पोटरीवर दाताच्या चार खुणा असलेल्याला ४०,००० रुपये, तर १ सेंमी. मांस निघालेल्याला १ लाख रुपये मिळतात. अर्जांवर निर्णय घेण्यासाठी उपायुक्तांच्या अध्यक्षतेखाली जिल्हानिहाय समित्या नेमाव्यात आणि त्यांनी चार महिन्यांत निवाडा द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. रक्कम प्रथम राज्याने द्यावी व नंतर कसूरदार संस्थेकडून किंवा व्यक्तीकडून वसूल करावी, हा त्यातील सर्वांत न्याय्य भाग होय; त्यामुळे दोष कोणाचा हा वाद मिटेपर्यंत जखमीला ताटकळावे लागत नाही. हे सूत्र महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. त्याचा दाखला मात्र देता येतो.

केरळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निवृत्त न्यायमूर्ती एस. सिरी जगन यांची समिती नेमली. दंश झालेल्यांचे अर्ज तपासून भरपाईची शिफारस करणे हे तिचे काम होते. गोव्यातील ‘पीपल फॉर एलिमिनेशन ऑफ स्ट्रे ट्रबल्स’ या संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा दीर्घ वाद मुख्यतः कुत्रे मारण्याच्या अधिकाराचा होता. तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये निकाली काढला. त्याच न्यायालयाच्या २०२५ मधील ऑगस्ट व नोव्हेंबरच्या आदेशांचा भर कुत्र्यांच्या व्यवस्थापनावर आहे.

वन्य प्राणी : वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानडुक्कर, लांडगा, तरस, मगर, हत्ती आदी प्राण्यांच्या हल्ल्यासाठी महाराष्ट्रात रकमा ठरलेल्या आहेत. ऑगस्ट २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे मृत्यू झाल्यास २५ लाख, कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात लाख व गंभीर जखमेसाठी ५ लाख रुपये मिळतात. मृत्यूच्या प्रकरणी १० लाख वारसाला तत्काळ दिले जातात व उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवली जाते. येथे कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. हल्ला त्या प्राण्याने केला एवढे दाखवणे पुरेसे असते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या ऊसपट्ट्यात बिबट्याचा हल्ला झाल्यावर वनरक्षकाला किंवा १९२६ या क्रमांकावर लगेच कळवून पंचनामा करून घेणे व सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला मिळवणे आवश्यक असते.

सर्प व विंचू : वन विभागाच्या भरपाईत सर्पदंश येत नाही. शेतकरी कुटुंबांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळू शकतात. जनावर चावून झालेला मृत्यूही या योजनेत धरला जातो. श्वानदंशाने दगावलेल्या शेतकऱ्याच्या वारसांनी ही बाजू नजरेआड करू नये.

विधिसाहाय्य : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रातील वार्षिक उत्पन्नमर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे करावा. वर सांगितलेली नोटीसही या वकिलाकडून तयार करून घेता येते. श्वानदंश झालेल्यांत मुले मोठ्या संख्येने असतात आणि त्यांच्या वतीने पालक हा अर्ज करू शकतात.

विमा : वैयक्तिक अपघात विम्यात दंशाचा समावेश आहे की नाही, हे पॉलिसीच्या अटींवर अवलंबून असते.