चढ, दातेरी चाक आणि प्रतिष्ठा : सँ-एतियेन येथील एकगती सायकलीचा इतिहास (1886–1937)

प्रस्तावना

सायकलीच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने कव्हेंट्री व पॅरिस या शहरांकडे जाते. फ्रान्समधील ल्वार विभागातील सँ-एतियेन या शहराचा उल्लेख त्या मानाने त्रोटक असतो. वस्तुतः फ्रेंच सायकल-उद्योगाचे हे एक प्रमुख केंद्र होते आणि ते सपाट प्रदेशात नव्हे, तर सुमारे 500 मीटर उंचीवर, टेकड्यांच्या कुशीत वसले होते. डोंगराळ शहरात एकाच गतीची सायकल कशी घडली, कशी चालवली गेली आणि तिच्याविरुद्धचे बंडही त्याच शहरात का झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

शहर आणि कारागिरी

कोळसा, रेशमी फिती आणि बंदुका हे सँ-एतियेनचे तीन जुने व्यवसाय. यांपैकी बंदुकीच्या कारखान्यांनी सायकलीला जन्म दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. नळी अचूक कापणे, पोलादी भाग घासून एकमेकांत बसवणे, लहान स्प्रिंगा घडवणे ही कौशल्ये येथील कारागिरांच्या हातात पिढ्यानपिढ्या होती. 1886 मध्ये गोतिये बंधूंनी येथे तयार केलेली सायकल ही फ्रान्समधील पहिली आधुनिक सायकल मानली जाते. 1885 मध्ये स्थापन झालेल्या व पुढे ‘मान्युफ्रान्स’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या शस्त्रास्त्र-कंपनीने ‘इरोंदेल’ म्हणजे ‘पाकोळी’ या नावाच्या सायकली आपल्या सूचिपत्रातून देशभर विकल्या.

या आरंभीच्या सायकलींत मागचे दातेरी चाक थेट चाकाच्या तुंब्यावर पक्के बसवलेले असे. चाक फिरते तोवर पेडल फिरणारच. चढावर पाय थांबले की सायकल थांबे. उतारावर पाय चाकाच्या वेगाने ओढले जात. पाय स्थिर ठेवून उतरण्याची सोय करणारे फ्रीव्हील 1900 च्या सुमारास रुळले. त्याने उताराचा प्रश्न सुटला, चढाचा नाही.

हा प्रश्न अंकगणिताचा आहे. पुढे 48 व मागे 16 दाते असतील, तर पेडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते आणि सायकल साधारण 6.3 मीटर पुढे जाते. सपाटीला हे योग्य. पुढे 44 व मागे 22 दाते असतील, तर हेच अंतर सुमारे 4.2 मीटर होते. चढ सुसह्य होतो, परंतु सपाटीवर पाय नुसतेच भिरभिरतात. एकगती सायकल बांधणाऱ्या कारागिराला या दोहोंत कोठेतरी तडजोड करावी लागे. शहराच्या दक्षिणेस 1161 मीटर उंचीवर कोल द ला रेपुब्लिक ही खिंड आहे. सुमारे 12–13 किलोमीटरांत साडेसहाशे मीटर चढणाऱ्या त्या रस्त्यावर ही तडजोड रोज तपासली जाई.

व्हेलोसियो आणि देग्रांज

पॉल द व्हिव्ही (1853–1930) हा मूळचा रेशमाचा व्यापारी. सायकलीच्या नादाने त्याने तो धंदा सोडला, 1887 मध्ये ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहू लागला. 1889 मधील त्याची ‘गोलवाज’ ही सायकल एकगतीच होती. पुढे खिंड चढत असताना त्याचाच एक वाचक पाइप ओढत शांतपणे त्याच्या पुढे निघून गेला, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, व्हेलोसियोने पुढे दोन दातेरी चाकांवर हाताने साखळी बदलण्याची योजना केली आणि नंतर डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंना साखळी बसवून चार गती मिळवल्या, हे महत्त्वाचे. इरोंदेलच्या कारखान्याने काढलेला मार्ग अधिक चमत्कारिक होता. ‘रेत्रो-दिरेक्त’ सायकलीत साखळी मागच्या दोन फ्रीव्हीलांवरून जाई. पेडल पुढे मारल्यास नेहमीची गती आणि उलटे मारल्यास चढाची हलकी गती मिळे. उलटे पेडल मारत खिंड चढणारा स्वार पाहणाऱ्यास हास्यास्पद वाटला असेल, पण यंत्र म्हणून ही युक्ती निर्दोष होती.

विरोध झाला तो पॅरिसमधून. ‘लोतो’ या वृत्तपत्राचा संपादक व 1903 पासूनच्या तूर द फ्रान्सचा प्रवर्तक आंरी देग्रांज याच्या मते बदलती गती ही पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी होती; खऱ्या स्वाराने स्नायूंच्या बळावर जिंकावे. पहिल्याच तूरचा लिओं–मार्सेय हा टप्पा सँ-एतियेनच्या याच खिंडीवरून गेला. स्पर्धक चाकाच्या दोन बाजूंना दोन दातेरी चाके बसवत आणि चढाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटे करून लावत. म्हणजे गती बदलणे मान्य होते, फक्त ते सायकलीवर बसून करणे मान्य नव्हते! या तर्काची विसंगती देग्रांजच्या ध्यानात आली नसेल असे वाटत नाही. त्याला यंत्रापेक्षा कष्टाचे दृश्य हवे होते. वृत्तपत्र त्यावर खपत होते.

येथे भारतीय वाचकास वेगळा अनुभव आठवेल. आपल्याकडील रस्त्यांवर अनेक दशके धावलेली काळी सायकल एकगतीच होती. परंतु घाट आला की खाली उतरून ती ढकलण्यात दूधवाल्याने वा कामगाराने कधी कमीपणा मानल्याचे दिसत नाही. प्रतिष्ठेचा प्रश्न स्पर्धेने निर्माण केला, वापराने नव्हे.

देग्रांजने 1936 मध्ये तूरची सूत्रे जाक गोदे याच्याकडे दिली आणि 1937 मध्ये गियर बदलणाऱ्या यंत्रणेस परवानगी मिळाली. त्या वर्षी रोजे लापेबी विजयी झाला. व्हेलोसियो हे पाहण्यास हयात नव्हता. 1930 मध्ये सँ-एतियेनच्याच रस्त्यावर ट्रामच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला होता. मान्युफ्रान्सचा कारखाना 1985 मध्ये बंद पडला.

पुनरागमन

विसाव्या शतकाच्या अखेरीस पक्क्या चाकाची सायकल दुसऱ्या एका डोंगराळ शहरात, सॅन फ्रान्सिस्कोत, टपाल पोहोचवणाऱ्या सायकलस्वारांमुळे पुन्हा दिसू लागली. सुटे भाग कमी, दुरुस्ती थोडी, हे त्यांचे व्यावहारिक कारण होते. शैलीचा भाग नंतर आला. तेथील तीव्र उतारांवर केवळ पायांच्या जोरावर मागचे चाक अडवून घसरत थांबणे हे कौशल्य मानले गेले, तर कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याने कोरड्या सपाट रस्त्यावर चाक घसरवू शकेल असा ब्रेक आवश्यक ठरवला. या सायकली अनेकदा 1970 व 1980 च्या दशकांतील पोलादी सांगाड्यांवर, त्यांचे गियर काढून टाकून बांधल्या गेल्या. अशा जुन्या सांगाड्यांत मागच्या आसाची खाच आडवी असते, त्यामुळे चाक मागे सरकवून साखळी ताणता येते; उभ्या खाचेच्या नव्या सांगाड्यांत ते जमत नाही.