पत्ता बदलला, आडनाव नाही

गावात पत्ता सांगितला की जात कळायची. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालवला. त्या लढ्यात दार उघडले नाही.

पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी आमच्या बापांना पगार दिला, सिडकोने हप्त्यांवर घर. 'नवीन नाशिक' या पत्त्यातून जात कळेना. भिंतीला भिंत लागून मराठा, माळी, खानदेशातले पाटील. हा बदल केवढा, ते गावकुसाबाहेर राहिलेल्यालाच विचारा!

पण भाड्याची खोली बघायला गेलो की आजही पहिला प्रश्न, 'आडनाव?' पुजारी निदान उघडपणे अडवत होते. इथे 'कालच गेली' म्हणतात. अस्पृश्यतेवरून राहायची जागा नाकारणे 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तर आडनाव ऐकल्यावर कारण कोणी बोलत नाही. 'भाड्याने देणे'ची पाटी मात्र महिनाभर तशीच लटकते.