ओहोटीला उघडणारे उद्यान

राष्ट्रीय उद्यान म्हटले की घनदाट अरण्य, धुळीतून धावणाऱ्या जीपगाड्या आणि वाघाची वाट पाहणारे पर्यटक असे चित्र डोळ्यांसमोर येते. गुजरातमधील जामनगरजवळचे सागरी राष्ट्रीय उद्यान या चित्रात कोठेच बसत नाही. येथील झाडे बुटकी, बहुतेक प्राणी ओंजळीत मावतील एवढे, आणि प्रवेशाची वेळ ठरते ती चंद्राच्या गतीवर. समुद्र मागे हटला की पोवळ्यांचा विस्तीर्ण खडक काही तासांपुरता उघडा पडतो आणि एरवी पाण्याखाली दडलेली सृष्टी पायी हिंडून पाहता येते. त्यासाठी पोहता येण्याची किंवा पाणबुड्याच्या पोशाखाची गरज नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या भटकंतीसाठी सर्वांत चांगला काळ होय.

देशातील पहिले सागरी उद्यान

कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला लागून, पश्चिमेस ओख्यापासून पूर्वेस जोडियापर्यंत हे संरक्षित क्षेत्र पसरले आहे. त्यात लहानमोठी ४२ बेटे येतात. १९८० मध्ये येथे सागरी अभयारण्य घोषित झाले आणि १९८२ मध्ये त्यातील गाभ्याच्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एकूण क्षेत्र ४५७.९२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी १६२.८९ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यानात मोडतात. देशातील हे पहिलेच सागरी राष्ट्रीय उद्यान.

संरक्षणाची गरज का भासली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पोवळ्यांची वाळू म्हणजे जवळजवळ शुद्ध चुना. सिमेंटच्या उत्पादनासाठी ती या आखातातून वर्षानुवर्षे उपसली जात होती. किनाऱ्यावरची तिवरे सरपणासाठी आणि गुरांच्या चाऱ्यासाठी तोडली जात होती. उपशामुळे उडणारा गाळ पोवळ्यांवर बसे आणि तो अडवणारी तिवरेही विरळ होत चाललेली. अशा दुहेरी माऱ्यात सापडलेल्या किनाऱ्याला कायद्याचे कवच मिळाले ते या घोषणांमुळे.

पिरोटन, करुंभार, अजाड, भैदर, चांक ही येथील काही बेटे. दीपगृह असलेले पिरोटन त्यांत अधिक प्रसिद्ध. परंतु तेथे होडीने जावे लागते आणि त्यासाठी वेगवेगळ्या खात्यांच्या परवानग्या घ्याव्या लागतात. सर्वसामान्य पर्यटकाला सहज पोहोचता येते ते वाडीनारजवळच्या नराऱ्याला. जामनगरहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या या ठिकाणी मोटारीने जाऊन थेट समुद्रतळावर उतरता येते.

तिथी पाहून सहल

कोकणातील माणसाला भरती-ओहोटीचे गणित नव्याने सांगावे लागत नाही. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण येते; अष्टमीच्या आसपास पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, त्याला भांग म्हणतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोळीवाड्यांतील जुना हिशेब याच गतीवर बेतलेला आहे.

कच्छच्या आखातात मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. रुंद तोंडातून आत शिरलेले पाणी पुढे चिंचोळ्या आणि उथळ भागात कोंडत जाते. त्यामुळे आत जावे तसतशी भरतीची वेळ लांबते आणि पाण्याची चढउतारही वाढते. तोंडाशी, ओख्याजवळ हा फरक चारएक मीटरच्या आत असतो, तर आखाताच्या टोकाकडे उधाणाच्या दिवशी तो सात मीटरपर्यंत जातो. म्हणूनच नराऱ्याची सहल सुट्टी पाहून ठरवण्यात अर्थ नसतो. त्या दिवसाची ओहोटी किती वाजता आहे आणि ती दिवसाउजेडी आहे का, हे आधी पाहावे लागते. भांगाच्या दिवशी गेलेल्याला चिखल आणि थोडेसे डबके याखेरीज फारसे काही दिसत नाही, आणि तो निराश होऊन परततो. तेच ठिकाण पाच-सहा दिवसांनी उधाणाच्या ओहोटीला पाहिले तर ओळखू येत नाही.

पाणी सर्वांत खाली जाण्याच्या दीड-दोन तास आधी चालू लागावे आणि पाणी वळताच परतीची वाट धरावी, हा येथील साधा नियम. सपाट खडकावर भरती समोरून चढते तशीच बाजूच्या घळींतूनही आत शिरते. मागची वाट कधी पाण्याखाली गेली, हे नवख्याला कळत नाही. वाटाड्याशिवाय जाऊ नये, ते एवढ्याचसाठी.

डबक्यांतील नगरे

सुरुवातीला तिवरांचा पट्टा लागतो. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळे आणि त्यांच्या आसपास पळणारी खेकड्यांची पिले पाहतच पुढे जावे लागते. मग चिखल संपून खडक सुरू होतो आणि ओहोटीने मागे ठेवलेली डबकी दिसू लागतात. प्रत्येक डबके म्हणजे एक स्वतंत्र वस्ती. एखाद्यात समुद्रफुलांच्या शुंडिका पाण्याबरोबर हलत असतात, तर दुसऱ्यात समुद्रकाकडी निश्चल पडलेली असते. दगडाच्या सावलीत ठिसूळ बाहूंचे तारामासे आणि रंगीत समुद्री गोगलगाई असतात. नशीब असेल तर खडकाच्या फटीत ऑक्टोपस दिसतो. तीन हृदयांचा आणि निळसर रक्ताचा हा प्राणी पाहता पाहता खडकाचा रंग धारण करतो आणि नजर हलली की पुन्हा सापडत नाही. कोकणात ज्याला केंड म्हणतात, तो संकटात पोटात पाणी भरून फुगणारा विषारी मासाही येथे आढळतो.

या साऱ्यांचा आधार म्हणजे पोवळी. बारीक प्राण्यांनी बांधलेली ही चुन्याची घरे. त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि पोवळ्यांना रंगही देते. गढूळ पाणी, खुल्या समुद्राहून अधिक खारटपणा, हिवाळ्यातील गारवा आणि उन्हाळ्यातील दाह अशा परिस्थितीत पोवळी सहसा तग धरत नाहीत. तरीही या आखातात दगडी पोवळ्यांच्या पन्नासच्या आसपास जाती टिकून आहेत. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या मानाने ही संख्या लहान असली, तरी एवढी कठीण परिस्थिती सोसणारी पोवळी अभ्यासकांना मोलाची वाटतात. शिंगांसारख्या फांद्या फुटणारी पोवळी येथून नाहीशी झाली होती. २०१० नंतरच्या दशकात लक्षद्वीपहून त्यांचे तुकडे आणून मिठापूरजवळ लावण्याचा प्रयोग करण्यात आला.

हिवाळाच का?

पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असते. उन्हाळ्यात सावलीचा मागमूस नसलेल्या खडकावर दोन-तीन तास चालणे नकोसे होते. हिवाळ्यात ऊन सौम्य, हवा स्वच्छ आणि डबक्यांतील पाणी तुलनेने नितळ असते. त्यात भर पडते ती पाहुण्या पक्ष्यांची. ओहोटीने मोकळ्या झालेल्या चिखलावर उत्तरेकडून आलेले तुतारी, चिखले, कोरल या कुळांतील पक्षी चोची खुपसत फिरतात. जाड काळ्या चोचीचा, काळ्या-पांढऱ्या रंगाचा क्रॅब प्लोव्हर हा त्यांतील खास पाहुणा. अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्यांवर वाळूत बिळे खोदून घरटी करणारा हा पक्षी खेकड्यांवर जगतो आणि हिवाळ्यात येथे थव्यांनी दिसतो.

भरतीच्या वेळी, म्हणजे उद्यानात जाता येत नाही तेव्हा, जामनगरपासून बारा-तेरा किलोमीटरवरील खिजडिया पक्षी अभयारण्य गाठावे. संस्थानी काळात समुद्राचे पाणी आत शिरू नये म्हणून येथे बांध घालण्यात आला. त्याच्या एका बाजूला गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारट दलदल तयार झाली. त्यामुळे बदके, करकोचे, पाणकोळी आणि रोहित एकाच फेरीत दिसतात. या पाणथळीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.

शेजार तेलाचा

नराऱ्याच्या खडकावर उभे राहून मान वर केली की क्षितिजावर तेलवाहू जहाजे आणि किनाऱ्यावर धुराडी दिसतात. देशात आयात होणाऱ्या कच्च्या तेलाचा मोठा वाटा याच आखातातून उतरवला जातो. समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या बोयांपासून तळाखालच्या नळांनी ते किनाऱ्यावर येते. जामनगरचा अजस्र तेलशुद्धीकरण प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, वाडीनारचा त्यानंतर काही वर्षांनी. मिठागरे, बंदरे आणि वीजकेंद्रेही याच किनाऱ्यावर आहेत. देशाला तेल हवे आहे आणि पोवळ्यांना स्वच्छ पाणी. हे दोन्ही एकाच आखातात सांभाळायचे, तर एखाद्या गळतीची किंमत काय असेल, याचा अंदाज त्या डबक्यांकडे पाहून येतो. पाण्याचे तापमान काही आठवडे वाढलेले राहिले, तरी पोवळी आपले शैवाल गमावून पांढरी पडतात. त्यावर तर स्थानिक उपायच नाही.

पाऊल कोठे पडते?

पर्यटकाच्या हाती असलेली गोष्ट मात्र अगदी साधी आहे, ती म्हणजे पाऊल. या उद्यानात जे पाहायचे त्याच्यावरूनच चालावे लागते. गोलसर दगडी पोवळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. एका बेफिकीर पावलाने दहा-वीस वर्षांची वाढ मोडते. म्हणून वाळूवर किंवा मृत खडकावरच पाय टाकावा, वाटाड्याच्या मागे एका रांगेत चालावे. दगड उलटून पाहिलाच, तर तो होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. केंड फुगवून दाखवण्याचा आग्रह पर्यटकांकडून होतो आणि वाटाडे तो पुरवतात. त्या माशाच्या दृष्टीने तो जिवावरचा प्रसंग असतो. असा आग्रह न धरणे हेच उत्तम.

पोवळी आणि समुद्रकाकड्या २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांचे मोल वाघाएवढे आहे. उद्यानातून मेलेल्या पोवळ्याचा तुकडा उचलून आणणे हाही गुन्हा ठरतो. महाराष्ट्रातही मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य असून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोवळी आहेत. नराऱ्याला शिकलेली पावले टाकण्याची रीत तेथेही उपयोगी पडावी.

जाण्यापूर्वी

कसे जावे : मुंबईहून सौराष्ट्र मेलने जामनगर. तेथून वाडीनारमार्गे नरारा मोटारीने.

परवानगी : नराऱ्याच्या वनखात्याच्या चौकीवर नोंद करून शुल्क भरावे लागते. ओहोटीची वेळ व प्रवेशाचे नियम जामनगरच्या उद्यान कार्यालयातून आधी विचारून घ्यावेत.

सोबत काय न्यावे : भिजले तरी चालतील असे जाड तळव्यांचे बंद बूट, टोपी, पिण्याचे पाणी, दुर्बीण आणि कोरडे कपडे. चपला नेऊ नयेत. त्या चिखलात रुततात आणि खडक पाय कापतो.

मुक्काम : जामनगर शहरात. संध्याकाळी लाखोटा तलावावर जावे. हिवाळी पाहुणे असलेले कुरव पक्षी तेथे भर वस्तीत भेटतात.