परसातला बटाटा आणि महागाई : नंदुरबारच्या मातीतून एक इतिहास

बाजारात बटाटा महागला की समाजमाध्यमांवर एक पीक हमखास येते : जुन्या गोणीत माती भरून बटाटे कसे लावावेत, याच्या चित्रफिती. ‘घरीच पिकवा, बाजाराचे मिंधे राहू नका’ हा सल्ला ऐकायला आजचा वाटतो, परंतु तो जुना आहे. सरकारांनी दिला, मंत्र्यांनी दिला, एका पंतप्रधानांनी स्वतःच्या बंगल्याची हिरवळ नांगरून दिला. आजच्या धाग्यात हा सल्ला कोणी दिला यापेक्षा तो कोणाला लागू पडत होता, हे पाहू. आणि त्यासाठी नंदुरबारला जाऊ.

नंदुरबारच का? एक कारण भाषेचे आहे. हा जिल्हा एका अंगाने गुजरातला आणि दुसऱ्या अंगाने मध्य प्रदेशाला टेकलेला आहे. सातपुड्याच्या दक्षिणेस तापीकाठी आपण ‘बटाटा’ म्हणतो. डोंगर ओलांडून निमाडात उतरलो की त्याचाच ‘आलू’ होतो. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांनी आणला. त्यांच्या भाषेतला ‘बाताता’ कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून आला होता आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळे! ‘आलू’ची कुळी मात्र कंदमुळांसाठी संस्कृतात असलेल्या ‘आलुक’ शब्दाकडे जाते. म्हणजे एकाने पाहुण्याचे नाव उसने घेतले आणि दुसऱ्याने पाहुण्याला घरचे नाव दिले.

दुसरे कारण जमिनीचे आहे. त्याकडे वळण्यापूर्वी बटाट्याचा थोडा स्वभाव पाहू.

अँडीज पर्वतातले हे पीक. पोर्तुगीज व्यापारामुळे ते पश्चिम किनाऱ्यावर लवकर आले, तरी दख्खनमध्ये त्याची व्यवस्थित लागवड कंपनी सरकारच्या काळात वाढली. १८२८ नंतर महाबळेश्वर इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण झाले. तिथल्या तुरुंगात आणलेल्या चिनी कैद्यांनी १८३०च्या दशकापासून विलायती भाज्यांचे आणि बटाट्यांचे मळे फुलवले. महाबळेश्वरच्या भाजीपाल्याचा पाया कैद्यांच्या कष्टात आहे, हे तिथे सहलीला जाणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

बटाटा डोंगरावर रमला याला कारण आहे. रात्रीचे तापमान साधारण २० अंशांच्या खाली उतरले, तरच जमिनीखाली कंद नीट भरतात. अन्यथा पाला माजतो आणि खाली गोट्या मिळतात. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारासारख्या उंच भागात तो पावसाळ्यात येतो, मैदानात मात्र हिवाळ्याची वाट पाहावी लागते. नंदुरबार, शहादा, तळोदा या तापीकाठच्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावून फेब्रुवारीच्या आसपास काढायचा, एवढीच खिडकी उघडी असते. अक्कलकुव्यातील डाब परिसरात थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. तिथे थंडीची अडचण नाही, पण हिवाळ्यात पाणी कुठून आणायचे, ही आहे.

आणखी एक गाठ बेण्याची. ज्वारीचे मूठभर बी पुढच्या हंगामाचे शेत पेरते. बटाट्याला हेक्टरी साधारण अडीच-तीन टन बेणे लागते, म्हणजे निघणाऱ्या पिकाचा दहावा भाग आधी मातीत घालावा लागतो. घरचे बेणे वर्षानुवर्षे वापरले की विषाणूजन्य रोगांनी उत्पन्न घसरत जाते. १९४९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने उत्तरेच्या मैदानात, माव्याचा उपद्रव कमी असतानाच्या काळात, निरोगी बेणे तयार करण्याचे तंत्र बसवले. तेव्हापासून महाराष्ट्रातील शेतकरी बेण्यासाठी पंजाबकडे पाहतो. जे पीक आपल्याला बाजारातून मुक्त करील असे आपण समजतो, त्याचे बेणेच बाजारातून येते.

म्हणूनच नंदुरबारच्या घरांनी महागाईशी झुंज दिली ती दुसऱ्या कंदांवर आणि वेलींवर. रताळी, सुरण, रानातले करांदे. कुडावर चढवलेले वाल, छपरावर दुधी आणि गिलकी. रानकंदांतले काही इतके कडू आणि विषारी की पातळ काप करून, शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाहीत. ही विद्या पिढ्यानपिढ्या चालत आली, मुख्यतः स्त्रियांकडून. धडगाव भागातील पावरा वस्त्यांची रचना इथे महत्त्वाची ठरते. घरे एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात उभे असते. तिथे ‘परसबाग’ असा वेगळा भाग दाखवणेच कठीण, कारण घरच शेताच्या परसात असते.

(जाता जाता : ‘परस’ म्हणजे घरामागची जागा. ‘परसाकडे जाणे’ याचा दुसरा अर्थ आजोबांना विचारावा. त्या वाक्प्रचारात खताचाही इतिहास दडलेला आहे, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय.)

इतिहासाच्या विद्यार्थ्याला परस फार छळतो. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे जमिनीची मोजणी सुरू झाली आणि १८५२ साली एरंडोल, सावदा, फैजपूर भागातील शेतकऱ्यांनी त्या मोजणीविरुद्ध उठाव केला. मोजणीदाराला शेतातल्या कापसात रस होता, कारण त्यावर सारा बसायचा. घरामागच्या वाफ्यावर सारा नाही, म्हणून दप्तरात त्याची नोंदही नाही. ज्या जागेने कित्येक घरांना वाईट वर्षांतून पार नेले, ती अभिलेखागारात जवळजवळ अदृश्य आहे.

१८९९-१९००चा दुष्काळ (विक्रम संवत १९५६, म्हणून ‘छप्पन्या’) खानदेशात भीषण होता. नेमक्या त्याच सुमारास सुरत-अमळनेर ही तापी खोऱ्यातली रेल्वे नंदुरबारवरून धावू लागली. रेल्वेने धान्य आणता येते तसे नेताही येते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दूरच्या पेठेतला भाव गावात येतो. ज्याच्या हाती पैसा नाही, त्याला धान्य स्टेशनात असले काय आणि ब्रह्मदेशात असले काय. जंगल हा त्याचा शेवटचा कोठार, पण १८७८च्या वन कायद्याने त्याच्या दारावरही पहारेकरी बसला होता.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि तिथला तांदूळ थांबला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. इंग्लंडमध्ये ‘विजयासाठी खणा’ म्हणत लोक बागा उकरून बटाटे लावत होते. हिंदुस्थानात त्याचे भावंड म्हणून ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली. कापसाखालची जमीन धान्याकडे वळवणे हा तिचा मोठा भाग होता आणि खानदेश हा कापसाचा मुलूख. परंतु नंदुरबारात हे आवाहन कोणत्या हवेत पोहोचले, ते पाहा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच गावात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले होते. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. ज्या सरकारने मुलांवर गोळ्या झाडल्या, तेच सरकार आता ‘पिकवा’ म्हणत होते.

स्वातंत्र्यानंतर मोहीम चालूच राहिली. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी अन्नमंत्री झाले. तांदूळ-गव्हाऐवजी रताळी आणि इतर कंद खा, असा प्रचार त्या वर्षांत जोरात होता. १९५२ मध्ये कृष्णम्माचारी समितीने या मोहिमेची झडती घेतली. सुटेसुटे उपाय करून भागणार नाही, गावाच्या सगळ्या जीवनाला हात घालावा लागेल, असा तिचा सूर होता. १९६५ मध्ये, युद्ध आणि अन्नटंचाईच्या दिवसांत, लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि निवासस्थानाच्या हिरवळीत नांगर घातला. शास्त्रींचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. तरीही हिरवळ नांगरायला आधी हिरवळ असावी लागते.

इथे आयर्लंडची आठवण येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथला मजूर मालकाकडून मिळालेल्या तुकड्यात बटाटे लावून कुटुंब पोसत असे. या स्वावलंबनाचा लाभ मालकाला झाला : मजुराचे पोट बटाट्यावर भरते, तर मजुरी वाढवा कशाला? १८४५ पासून करपा पडला आणि सगळी इमारत कोसळली. सुमारे दहा लाख माणसे गेली. घरच्या पिकाचे गोडवे गाताना ही बाजू सांगायलाच हवी असे मला वाटते. परसबाग भाव पाडत नाही. वाढलेल्या भावाचा भार ती घरातल्या कष्टांवर, बहुधा बाईच्या कष्टांवर, टाकते.

खानदेशात या मजुराचा भाऊबंद होता तो सालदार, वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारा. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत कितीतरी सालदार भिल्ल होते आणि त्यांतल्या अनेकांच्या वाडवडिलांच्या जमिनी कर्जापायी हातच्या गेल्या होत्या. १९७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आणि श्रमिक संघटनेच्या कामातून या भागात जमीन सोडवण्याचा व मजुरीचा लढा उभा राहिला. त्याच काळात, १९७२-७३ च्या दुष्काळात, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. दोन्ही लढे सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत वाचायला मिळतात. मला ते एकाच प्रश्नाची दोन टोके वाटतात. चाळीतल्या गृहिणीकडे परस नव्हता, म्हणून तिने भाव मागितला. शहाद्याच्या सालदाराकडे शेत राहिले नव्हते, म्हणून त्याने जमीन मागितली.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. कुपोषणाच्या बातम्यांत जिल्ह्याचे नाव वारंवार येते आणि त्यावरच्या उपायांत परसबाग पुन्हा आली आहे. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने बचत गटांतील महिलांसाठी पोषण परसबागांची मोहीम राबवली : वर्तुळाकार वाफे, पालेभाज्या, शेंगभाज्या, वेलभाज्या. या बागा पोटाऐवजी पोषणाचा विचार करतात, ही मोठी सुधारणा आहे. मूठभर मेथीचे बी आणि सांडपाणी एवढ्यावर सुरुवात होते, बेण्यासाठी पंजाब गाठावा लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. परसाला रोज पाणी घालायला घरात माणूस लागतो. दिवाळीनंतर जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. बारडोली परिसरातील खानदेशी कोयतेवाल्यांवर समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सविस्तर लिहिले आहे. बटाटा, मेथी, पालक, वाटाणा यांचा हंगाम नेमका तोच. ऊस संपतो, माणसे परततात, तोवर उन्हाळा लागलेला असतो आणि विहिरीचे पाणी खाली गेलेले असते.