मीरा-भाईंदरच्या गटारांतलं पावसाचं पाणी शेवटी जातं कुठे?

पहिला जोरदार पाऊस झाला की रस्त्याकडेच्या गटारांतून काळपट पाणी वाहू लागतं. ते पुढे कुठेतरी शुद्ध होत असेल, असा अनेकांचा समज असतो. पण पावसाळी गटारांची रचना तशी नसते. ती पाणी नाल्यात सोडतात आणि नाले ते खाडीत. म्हणजे रस्त्यावरचं तेल, टायरचा चुरा, प्लास्टिक आणि बांधकामाची माती थेट खाडीत पोहोचते.

पाणी एवढं का वाढतं?

शहराच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत, उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला उत्तनचा समुद्र. मधल्या सखल भागातल्या शेतांवर आणि मोकळ्या जमिनींवर आता इमारती आहेत. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी १,००० लिटर पाणी जमतं. मोकळ्या मातीत त्यातलं बरंचसं मुरतं, काँक्रीटवरून सगळं वाहून जातं. त्याच वेळी मोठी भरती असेल तर नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट शहरात तुंबतं.

पहिला पाऊस सर्वांत घाण का?

पावसाळा संपल्यापासून रस्त्यांवर साचलेली घाण पहिल्या काही सरींतच धुऊन निघते. गटारात सांडपाणी सोडलेलं असेल तर तेही सोबत जातं.

फटका कोणाला?

खाडीकाठच्या कांदळवनात मासे आणि कोळंबीची पिल्लं वाढतात. तिथल्या मुळांत प्लास्टिक अडकतं. उत्तन, चौक, पालीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात माशांऐवजी कचरा येतो.

काय करता येईल?

• नालेसफाईत काढलेला गाळ काठावर न ठेवता लगेच उचलणं. नाहीतर तो पुढच्या सरीत परत नाल्यात जातो.
• नाल्याच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळ्या बसवून त्या नियमित साफ करणं.
• पावसाळी गटारात सोडलेलं सांडपाणी मलवाहिनीत वळवणं.
• बांधकामाची रेती-माती झाकून ठेवणं.
• सोसायटीत गच्चीवरचं पाणी टाकीत साठवणं, झाडांभोवतीची माती मोकळी ठेवणं. खाडीलगत जमिनीखालचं पाणी वर असल्याने शोषखड्डा फारसा उपयोगी पडत नाही, तिथे टाकीच बरी.

एकदा खाडीत गेलेली घाण वेचून काढणं जवळपास अशक्य असतं. त्यामुळे ती गटारात जाण्याआधीच अडवणं सोपं आणि स्वस्त पडतं.