न दिसलेला रुग्ण आणि नोंदवही

आज आपण एका नोंदवहीचा इतिहास बघणार आहोत. पण सुरुवात करू या तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या प्रश्नापासून. एखादी गोष्ट दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं कधी म्हणता येतं? भाट्ट मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण एका अटीवर. जमिनीवर घडा नाही असं म्हणायचं, तर तिथे उजेड हवा, डोळे शाबूत हवेत. घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता हे कर्करोगाला लावून बघू. इंग्रजी अमदानीत 'हिंदुस्थानात कर्करोग विरळा' असं पुष्कळ डॉक्टर मानत. का? तर रुग्ण फारसे दिसत नाहीत म्हणून. १९३० च्या दशकात विश्वनाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी रुग्णालयांतल्या आणि शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून हा समज खोडून काढला. इथली बरीच माणसं कर्करोगाच्या वयापर्यंत पोचतच नव्हती, हा त्यातला मोठा मुद्दा.

तरीही अडचण उरतेच. रुग्णालयाची नोंद सांगते की कोण आलं. जो आलाच नाही, त्याचं काय? म्हणून लोकसंख्याधारित नोंदणी लागते. एक भूभाग ठरवायचा, तिथल्या रहिवाशांमधला प्रत्येक नवा कर्करुग्ण शोधायचा आणि त्या संख्येला लोकसंख्येने भागायचं. डेन्मार्कने १९४२ पासून हे देशभर केलं. आपल्याकडे सुरुवात झाली मुंबईत, १९६३ साली. इंडियन कॅन्सर सोसायटी आणि डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने.

काम कारकुनी वाटतं, पण सोपं नाही. कर्मचारी स्वतः रुग्णालयांत, प्रयोगशाळांत, मृत्युनोंदींत जाऊन शोधतात. एकच माणूस दोन रुग्णालयांत दोन तऱ्हेने नाव लिहितो. तो एकदाच मोजायचा. मुंबईला उपचारासाठी देशभरातून माणसं येतात; त्यांना मुंबईकर धरलं तर शहराचा आकडा फुगतो.

१९८२ पासून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबई, बंगळूर आणि मद्रास इथल्या नोंदी एकत्र येऊ लागल्या. पण तिन्ही शहरं! खेड्यांतली खोली अंधारीच होती. तिथे पहिला दिवा लागला १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. आसपासच्या खेड्यांत नोंदी गोळा करायला रुग्णालयंच फारशी नव्हती. मग नोंदणीचे लोक गावोगाव गेले. लक्षणं समजावून सांगितली, संशय वाटला त्यांना तपासणीसाठी बार्शीला यायला सांगितलं. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळला. अंगावरून अवेळी रक्त जातं हे कोण कुणाला सांगणार? पण आता विचारणारं कुणीतरी दारात आलं होतं. पुढे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की, हा रोग आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला होता. मोजायला गेलेली माणसं नकळत उपचाराची पहिली पायरी झाली.

शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर तपासणीचा मोठा प्रयोग झाला. २००९ च्या निष्कर्षानुसार, एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी केलेल्या गटात या रोगाने झालेले मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळपास निम्मे होते. या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वादही झाला. तो व्हायलाच हवा होता. मोजणाऱ्यावरही जबाबदारी येते ती अशी.

आणि छेदाचं काय? भागायचं कशाने, तर लोकसंख्येने. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे २०११ पासून जितके दूर जावं, तितका भागाकार अंदाजावर टेकतो. खोलीत उजेड आहे, पण खोली केवढी हेच धड ठाऊक नाही, असा हा प्रकार.

तेव्हा यापुढे 'आमच्या भागात कर्करोग नाही' किंवा 'आता फार वाढलाय' असं कुणी म्हणालं, तर वाद घालण्याआधी आपण एवढंच विचारू या: तिथे दिवा कधी लावला होता?